समुद्राचं तापमान, सूर्य आणि नागपूरचा पाऊस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वर्तमानपत्रांत 'एल निनो' (पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं, प्रश्न १०) झळकू लागतो आणि तेच ते प्रश्न यायला लागतात. दरवर्षी तुटक तुटक उत्तरं देण्यापेक्षा ती एकदाची इथे मांडली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. नागपूर देशाच्या मध्यावर. समुद्राच्या पाण्याचं तापमान कमी-जास्त झालं तर आपल्याला काय फरक पडतो?

मुंबईचा किनारा आपल्यापासून सरळ रेषेत जवळपास ७०० किलोमीटर, आंध्रचा त्याहून थोडा जवळ. पण नागपुरात वर्षाला जो हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातलं बहुतेक पाणी समुद्रावरूनच येतं. खात्री करायची असेल तर घरच्या कूलरकडे बघा. मे महिन्यात त्याच्यापुढे बसलं की अंगावर काटा येतो. जूनचे आठ-दहा दिवस गेले की तोच कूलर, तोच वाळा, तेच पाणी, आणि नुसती चिकचिक. हवेत आधीच इतकं बाष्प आलेलं असतं की वाळ्यावरचं पाणी उडतच नाही. ते बाष्प अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून आलेलं असतं.

विदर्भाला भिजवणारे मोठे पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतात. ते ओडिशा, छत्तीसगड करत पश्चिमेकडे सरकतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरकराने मुंबईपेक्षा पुरीकडे लक्ष ठेवलेलं बरं.

२. 'समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान' म्हणजे नेमकं कितव्या फुटाचं?

कोण मोजतो त्यावर ते अवलंबून आहे. उपग्रहाचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं टिपणारा) कॅमेरा पाण्याचा केसाहूनही पातळ थर पाहतो. तरंगत्या बोयावरचा तापमापक साधारण वीत-दोन वीत ते मीटरभर खाली असतो. जहाजाचं इंजिन थंड करायला जे पाणी आत घेतात, ते कित्येक मीटर खोलचं असतं. वारा पडलेला आणि ऊन कडक असेल तर दुपारी वरचा थर खालच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम असू शकतो. रात्री तो फरक मिटतो. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडताना खोली आणि वेळ दोन्ही बघावी लागतात, आणि बातम्यांत नेमकं तेच गाळलेलं असतं.

३. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उपग्रह नव्हते. मग जुने आकडे आले कुठून, आणि त्यांत फेरफार केलाय म्हणतात ते खरं का?

खलाशी दोरीला बादली बांधून समुद्रातून पाणी काढायचे आणि त्यात तापमापक बुडवायचे. आधी लाकडी बादल्या होत्या, मग कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हासमधून पाणी पाझरतं, वाऱ्यावर उडतं आणि आतलं पाणी आपल्या माठातल्यासारखं गार होतं. म्हणजे डेकवर वर येईपर्यंतच आकडा खाली घसरलेला. पुढे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंजिनकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान नोंदवायची पद्धत वाढली. रात्री डेकवर दिवा घेऊन उभं राहणं तेव्हा जिवावर बेतणारं होतं. इंजिनघरातलं पाणी किंचित गरम भरायचं. त्यामुळे १९४० च्या दशकातल्या नोंदींत जी उडी दिसते, तिच्यात पद्धतबदलाचा मोठा हात आहे.

आकड्यांत दुरुस्ती केली आहे, हे खरंच. पण कोणत्या दिशेने केली ते सांगायचं राहून जातं. बादलीचे जुने आकडे खऱ्या तापमानापेक्षा थंड होते, म्हणून ते वर सरकवले. परिणामी शतकभरातली तापमानवाढ दुरुस्तीनंतर थोडी कमीच दिसते. वाढ फुगवायची असती तर जुन्या नोंदींना हात न लावणंच सोयीचं होतं.

आता जगभरच्या समुद्रांत अर्गो नावाचे सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगक आहेत. ते २००० मीटर खोल जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला माहिती पाठवतात. भारताकडून हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते.

४. सगळी उष्णता सूर्याकडूनच येते ना? मग हवामान बदललं म्हणजे सूर्यच बदलला असणार.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. त्यात दोन गोष्टी एक झाल्या आहेत : ऊर्जा कुठून येते, आणि बदल कशामुळे होतो. पहिलीचं उत्तर सूर्य, यात वाद नाही. दुसरीसाठी मात्र सूर्य किती बदलला ते मोजावं लागतं, आणि १९७८ पासून उपग्रह ते सतत मोजत आहेत.

पृथ्वीच्या अंतरावर सूर्याच्या रोखाने धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. अकरा वर्षांच्या सौरचक्रात ती जेमतेम एका वॅटने, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास, वर-खाली होते. पृथ्वी गोल असल्यामुळे ती ऊर्जा चौपट क्षेत्रावर पसरते आणि सुमारे ३० टक्के परत फेकली जाते. हाती उरतो तो फरक ०.२ वॅटपेक्षाही कमी, आणि तोही काही वर्षांनी उलटतो. १७५० पासून हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पडलेली भर दोन वॅटहून जास्त आहे. ती उलटत नाही, साचत जाते.

दुसरा पुरावा आणखी पक्का आहे. सूर्य प्रखर झाला असता तर वातावरणाचे वरचे आणि खालचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडवणारे हरितगृह वायू वाढले की असंच व्हायला हवं, सूर्यामुळे असं होत नाही.

५. कार्बन डायऑक्साइडचं अवरक्त प्रारण पाण्यात मिलिमीटरभरही शिरत नाही. मग समुद्र तापतो कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याने अभ्यास केलेला असतो, म्हणून नीट उत्तर देतो. समुद्राला तापवतो सूर्यच; दृश्य प्रकाश कित्येक मीटर आत जातो. पण घेतलेली उष्णता समुद्राला परत टाकावी लागते, आणि ती बाहेर पडते त्या वरच्या पातळ थरातून. हवेकडून त्या थरावर जास्त अवरक्त प्रारण आलं की थर किंचित गरम राहतो, खालून वर येणारी उष्णता मंदावते आणि पाण्यातच उरते. आवक तीच, जावक कमी. अशा प्रकारे पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने घेतली आहे.

६. सौर डाग वाढले की ऊन वाढतं का? मे २०२४ मध्ये तर सौर वादळही आलं होतं.

डाग स्वतः काळपट आणि तुलनेने थंड असतात, पण त्यांच्याभोवती उजळ भाग तयार होतात आणि त्यांची भर डागांच्या तुटीपेक्षा जास्त पडते. म्हणून डागांच्या काळात सूर्य किंचित प्रखर असतो. जगाच्या सरासरी तापमानावर त्याचा परिणाम सुमारे ०.१ अंश. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते शिखराच्या टप्प्यात आल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी जाहीर केलं.

१०-११ मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानलेमध्ये आकाश तांबडं झालं होतं. पण ते विद्युतभारित कणांचं प्रकरण. उपग्रह आणि वीजवाहिन्यांना त्याचा धोका असतो, नागपूरच्या उकाड्याशी त्याचं देणंघेणं नाही. आपलं आदित्य एल-१ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे बघत आहे, ते मुख्यतः सूर्याचं बाह्य वातावरण आणि अशी वादळं अभ्यासण्यासाठी.

७. ब्रिटिशांनी सौर डाग आणि दुष्काळ यांचा संबंध शोधला होता म्हणे?

शोधायचा प्रयत्न केला होता. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि सरकारी सांख्यिकी अधिकारी विल्यम हंटर यांनी डाग कमी असले की मद्रास इलाख्यात पाऊस कमी पडतो, असं मांडलं. सरकारलाही ते सोयीचं होतं. दोष सूर्याचा ठरला की धान्य-धोरणाबद्दल कोणी विचारत नाही (हे माझं मत). त्या ऊहापोहातूनच पुढे १८९९ मध्ये कोडाईकॅनालची सौर वेधशाळा उभी राहिली, आणि तिच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी आज जगभर वापरल्या जातात.

१९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी डाग आणि पाऊस यांचे आकडे पडताळले. भरवशाचा संबंध सापडला नाही. सापडलं ते वेगळंच : पॅसिफिकच्या पूर्वेला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, आणि उलटही. त्याला त्यांनी 'दक्षिणी दोलन' नाव दिलं. हा झोका समुद्राच्या तापमानाशी बांधलेला आहे, हे हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दाखवलं. आज मागे वळून बघता १८७७ चा दुष्काळ एका जबरदस्त एल निनोच्या काळातला होता, हे कळतं.

८. नवतपा चांगला तपला नाही तर पाऊस बरोबर पडत नाही, असं आमचे आजोबा सांगायचे. खरं काय?

२५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून नऊ दिवस नवतपा. योगायोग बघा, २६ मेच्या आसपासच नागपुरात शून्य सावली दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. नागपूरचा ४७.९ अंशांचा विक्रमही २३ मे २०१३ चा. म्हणजे हे दिवस तापतात, हे आजोबांचं निरीक्षण पक्कं आहे.

पण पावसाशी जोड लावायची तर गडबड होते. सूर्य १७ जुलैच्या सुमारास पुन्हा नागपूरच्या डोक्यावर येतो. ऊर्जा जवळपास तेवढीच. तरी कमाल तापमान एकतीस-बत्तीसवर, कारण मध्ये ढग आहेत आणि जमीन ओली आहे. आणि जमीन जेवढी तापेल तेवढा पाऊस चांगला, असं असतं तर दुष्काळाच्या वर्षांत, जमीन सगळ्यात जास्त तापलेली असताना, धो धो पडायला हवा होता. प्रत्यक्षात जमीन तापलेली असते कारण पाऊस नसतो. वायव्य भारतावरचा उष्णतेमुळे बनणारा कमी दाब मान्सूनला ओढायला मदत करतो, एवढा भाग बरोबर. पण नऊ दिवसांचा पारा बघून चार महिन्यांचा पाऊस सांगता येत नाही.

९. सूर्य जानेवारीत पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असतो. मग तेव्हाच थंडी कशी?

जानेवारीच्या सुरुवातीला अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, जुलैत १५.२ कोटी. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जवळपास ७ टक्के जास्त ऊर्जा मिळते. तरी आपल्याकडे किरणं तिरपी आणि दिवस लहान, म्हणून थंडी. हजारो वर्षांत हे गणित सरकतं. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी सूर्यसान्निध्य उत्तरेच्या उन्हाळ्यात यायचं आणि मान्सून आजच्यापेक्षा जोरकस होता. सूर्याचा हवामानावरचा खरा मोठा प्रभाव बघायचा तर तो इथे आहे, आणि त्यातही सूर्य तोच राहतो, पृथ्वीची कक्षा आणि कल बदलतो.

१०. एल निनो आला म्हणजे विदर्भात दुष्काळ ठरलेला का?

नाही. शक्यता वाढते, ठरत काही नाही. विषुववृत्तीय मध्य-पूर्व पॅसिफिकचं पाणी सरासरीपेक्षा साधारण अर्धा अंश किंवा जास्त गरम होऊन काही महिने तसंच राहिलं की एल निनो म्हणतात. तिथे हवा वर चढू लागते आणि तिची भरपाई म्हणून आपल्या बाजूला ती खाली दबते, ढग वाढत नाहीत.

आकडे बघा. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा त्यापेक्षा बराच सौम्य, आणि पाऊस १९ टक्के कमी. २००९ मध्ये तूट २२ टक्के. पॅसिफिक किती तापला यापेक्षा कुठे तापला हे महत्त्वाचं ठरतं : तापलेलं पाणी मध्य पॅसिफिककडे असेल तर भारताला जास्त बाधतं.

दुसरा खेळाडू म्हणजे हिंदी महासागरातला द्विध्रुव, जो १९९९ मध्ये ओळखला गेला. पश्चिमेचं पाणी गरम आणि इंडोनेशियाकडचं थंड असेल तर तो आपल्याला सहसा अनुकूल. २०१९ मध्ये तो फार बलवान होता आणि देशात ११० टक्के पाऊस झाला. पण सरासरीवर जाऊ नका. त्याच वर्षी जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळत होतं.

११. २०२३ मध्ये एल निनो होता. मग २३ सप्टेंबरला नागपुरात पूर कसा आला?

कारण एल निनो हंगामाचा कल सांगतो, एका रात्रीचा पाऊस नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता, ३६ टक्के तूट. आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत शहरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. हवेत बाष्प भरपूर होतं, एक स्थानिक कारण पुरेसं झालं. पुढचं काम सिमेंटचे रस्ते, अरुंद नाले आणि तलावाखालची बांधकामं यांनी केलं. त्याचं खापर पॅसिफिकवर फोडता येत नाही.

१२. समुद्र गरम म्हणजे बाष्प जास्त, म्हणजे पाऊसही जास्तच ना?

इथे गंमत आहे. सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८४ मध्ये दाखवलं की समुद्राचं तापमान साधारण २८ अंशांच्या खाली असेल तर त्यावर उंच, दाट ढग क्वचितच बनतात. त्यावर गेलं की बनू शकतात, पण बनतीलच असं नाही. उंबरठा ओलांडल्यावर पाणी आणखी एक अंश तापलं म्हणून ढग त्या प्रमाणात वाढत नाहीत.

बंगालच्या उपसागरात मोठ्या नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं, खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून तो पावसाळ्यातही २८ च्या वर राहतो आणि एकामागून एक कमी दाबाचे पट्टे पाठवतो. अरबी समुद्र मेमध्ये तापतो, पण मान्सूनचे वारे सुटले की सोमालियाच्या बाजूने खालचं थंड पाणी वर येतं आणि तो गार होतो.

उष्णकटिबंधीय हिंदी महासागर १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंशाने तापला. यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो, वारे मंदावू शकतात. दुसरीकडे हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं की मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्या. तेव्हा एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, आणि कोसळणं मात्र जास्त, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

१३. २०२३-२४ मध्ये जगातले समुद्र एकदम इतके कसे तापले? सूर्य शिखरावर होता म्हणूनच ना?

सूर्याचा वाटा होता, पण लहान (प्रश्न ६). त्याआधी सलग तीन हिवाळे ला निना (एल निनोच्या उलट, पॅसिफिकचं पाणी थंड असण्याची स्थिती) होती; ती पृष्ठभाग थंड ठेवते आणि उष्णता खाली साठवते. ती संपून लगेच एल निनो आला. जहाजांच्या इंधनातलं गंधक जानेवारी २०२० पासून ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणलं गेलं. धुरातले कण कमी झाले, ऊन परतवणारे ढग त्या प्रमाणात विरळ झाले. आणि या सगळ्याखाली दशकानुदशकांची वाढ होतीच. यातल्या कोणाचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.

१४. नागपुरात ५६ अंश नोंदले गेले होते, ते मान्य का झालं नाही?

मे २०२४ च्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला. सगळ्या केंद्रांवर तसा आकडा नव्हता, आणि संवेदक बिघडल्याचं हवामान विभागाने सांगितलं. विक्रम अजून ४७.९ चाच. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा तर कृपया पाठवू नका. तो डांबराचं आणि बॉनेटचं तापमान दाखवतो.

१५. सूर्य शांत झाला तर हिमयुग येईल?

१६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ नव्हते आणि युरोपात थंडी होती, यावरून हा प्रश्न येतो. पण ती थंडी डाग जाण्याआधीच सुरू झाली होती, आणि ज्वालामुखींचा त्यात मोठा हात होता. १९९१ च्या एकट्या पिनाटुबो ज्वालामुखीने जगाचं सरासरी तापमान तात्पुरतं सुमारे अर्ध्या अंशाने उतरवलं होतं. तसा सौर शांतकाळ आज आला तर फार तर तीन दशांश अंशाची घट होईल.

१६. काटोलला संत्र्याची बाग आहे. एल निनोची बातमी बघून मृग बहार सोडून आंबिया धरावा का?

निव्वळ त्या बातमीवर नाही. मार्च-एप्रिलमधले पॅसिफिकचे अंदाज सगळ्यात कच्चे असतात, त्या ऋतूत समुद्र कुठेही वळू शकतो. शिवाय आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, म्हणजे बातमी हातात पडेपर्यंत तो निर्णय होऊन गेलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या मृगासाठी उन्हाळ्यात ताण दिलेला (पाणी तोडलेलं) असतो आणि पाऊस लांबला की ताणही लांबतो, झाड दमतं. म्हणून विहिरीत एक-दोन पाण्यांची सोय आहे का, हे आधी बघा. मेअखेरीस हवामान विभाग सुधारित हंगामी अंदाज देतो, तो बघा, आणि जूनमध्ये दर आठवड्याचा विस्तारित अंदाज. कपाशी-सोयाबीनवाल्यांनीही नुसत्या मृगाच्या सरीवर पेरू नये. मान्सून नागपुरात बहुधा जूनच्या मध्यास येतो. त्याआधीच्या सरी बऱ्याचदा स्थानिक वादळी ढगांच्या असतात, आणि दुबार पेरणीची वेळ बहुतेक त्याच आणतात.